वृत्तपत्रीय चित्रमालिका व त्यांची ॲनिमेशन रूपांतरे : शोधाच्या अडचणी आणि तालुका ग्रंथालयांची भूमिका
(विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर तालुके)

सारांश

वृत्तपत्रातील चित्रमालिका हा रोज वाचला जाणारा, परंतु क्वचितच जपला जाणारा प्रकार होय. एखादी मालिका लोकप्रिय झाली की तिच्यावर ॲनिमेशनपट, दूरदर्शन मालिका वा चित्रपट निघतो. कालांतराने मूळ पट्टी दुर्मिळ होते आणि पडद्यावरील रूप हेच मूळ समजले जाऊ लागते. प्रस्तुत लेखात 'वेताळ' व 'चिंटू' ही मराठी वाचकांच्या परिचयाची उदाहरणे आणि काही जागतिक उदाहरणे यांच्या आधारे मूळ मालिका व तिचे रूपांतर यांचा शोध कसा घ्यावा, हे स्पष्ट केले आहे. तसेच बारामती व इंदापूर तालुक्यांतील ग्रंथालये आणि महाविद्यालये या कामी काय करू शकतात, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : चित्रमालिका, ॲनिमेशन, रूपांतर, चिंटू, वेताळ, कात्रणवही, तालुका ग्रंथालय.

१. प्रस्तावना

बारामती ही कविवर्य मोरोपंतांची (१७२९-१७९४) कर्मभूमी. त्यांच्या आर्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नव्हत्या. हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमधून त्या टिकल्या आणि पुढील शतकात छापील रूपाने वाचकांपर्यंत पोहोचल्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच परिसरात पुण्याहून येणाऱ्या दैनिकातून एक चित्रमालिका रोज सकाळी वाचली जात होती. त्या दैनिकाच्या प्रती हजारोंनी छापल्या जात. तरीही त्यातील एखाद्या ठरावीक दिवसाची पट्टी आज पाहावयाची म्हटल्यास ती हाती लागणे मोरोपंतांची आर्या मिळण्यापेक्षा कठीण आहे. याचे कारण उघड आहे. पोथी जपून ठेवण्यासाठी लिहिली जात असे. वृत्तपत्र महिनाअखेर रद्दीत जाते.

चित्रमालिका हे मुलांचे करमणुकीचे साधन, त्याचा अभ्यास तो काय करावयाचा, असा समज अद्यापही आढळतो. परंतु घरातील बोलीभाषा, नातेसंबंध, खेळ, शाळा, शेजारधर्म या गोष्टींची दैनंदिन नोंद जितक्या सातत्याने चित्रमालिकेत होते, तितकी अन्य वाङ्मयप्रकारात क्वचितच होते. ही नोंद नष्ट होत असताना तिचे पडद्यावरील रूप मात्र उरते. या दोहोंतील अंतर ओळखण्यासाठी मूळ मालिका सापडणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) वृत्तपत्रीय चित्रमालिका व तिचे रूपांतर यांतील फरक स्पष्ट करणे.
२) मूळ मालिका शोधताना येणाऱ्या अडचणींची कारणे सांगणे.
३) शोधाची व्यवहार्य पद्धत मांडणे व तालुका पातळीवरील उपाय सुचविणे.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

शोधास प्रारंभ करण्यापूर्वी आपण नेमके काय शोधत आहोत, हे निश्चित करावे लागते. चित्रमालिका म्हणजे तीन-चार चौकटींची, ठरावीक पात्रांची आणि नियमितपणे प्रसिद्ध होणारी पट्टी. पहिल्या चौकटीत प्रसंग मांडला जातो, मधल्या चौकटीत तो वाढतो आणि अखेरच्या चौकटीत त्याला कलाटणी मिळते. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त घराघरांत पोहोचला. परंतु तो एका चौकटीचे व्यंगचित्र होता, चित्रमालिका नव्हे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली 'अमर चित्रकथा' ही प्रथमपासून पुस्तकरूपाने आली. तिचे मूळ वृत्तपत्रात शोधणे व्यर्थ ठरेल.

रूपांतराचेही प्रकार आहेत. रेखाटनांना गती देऊन केलेला तो ॲनिमेशनपट. नटांनी भूमिका केलेला तो सर्वसाधारण चित्रपट. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या कल्पनेवरून प्रेरित 'वागळे की दुनिया' ही १९८८ मधील दूरदर्शन मालिका दुसऱ्या प्रकारातील होय. याखेरीज प्रवास उलट दिशेनेही होतो. मिकी माऊस १९२८ मध्ये पडद्यावर आला आणि त्याची वृत्तपत्रीय पट्टी जानेवारी १९३० मध्ये सुरू झाली. म्हणजे येथे पडदा आधी व वृत्तपत्र नंतर. दोन्ही रूपांच्या प्रारंभाची वर्षे शेजारी लिहिली, की मूळ कोणते आणि रूपांतर कोणते हे लगेच कळते.

३. वृत्तपत्रातून पडद्याकडे : काही जागतिक उदाहरणे

चित्रमालिका आणि ॲनिमेशन यांचे नाते ॲनिमेशनच्या बाल्यावस्थेपासूनचे आहे. अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांची 'लिटल नेमो' ही मालिका ऑक्टोबर १९०५ पासून 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये येत होती. १९११ मध्ये मॅके यांनी स्वतः सुमारे चार हजार रेखाटने करून याच पात्रांचा लघुपट तयार केला. येथे मूळ चित्रकार आणि रूपांतरकार एकच असल्याने दोन्ही रूपांत रेषेचे साम्य दिसते.

'पॉपाय' या खलाशाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ई. सी. सेगर यांच्या 'थिंबल थिएटर' या १९१९ पासून चालू असलेल्या मालिकेत पॉपाय १७ जानेवारी १९२९ रोजी प्रथम अवतरला. १९३३ पासून फ्लायशर स्टुडिओने त्याच्यावर लघुपट काढले. पालक खाल्ला की पॉपायला बळ येते, हे आज लहान मूलही सांगते. मात्र आरंभीच्या पट्ट्यांमध्ये त्याला बळ मिळते ते एका अद्भुत कोंबडीच्या डोक्यावर हात घासल्याने! पालक मूळ मालिकेत नंतर आला, आणि तो प्रत्येक कथेचा अटळ भाग बनला तो पडद्यावर. ज्याने फक्त लघुपट पाहिले त्याला ही गोष्ट कळण्याचा मार्ग नाही. रूपांतर मूळ कृतीची आठवणच कशी बदलून टाकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० या काळात चालली. तिच्या १७,८९७ पट्ट्या प्रसिद्ध झाल्या. १९६५ मध्ये तिच्यावरील पहिला दूरचित्रवाणी ॲनिमेशनपट आला. मूळ पट्टीत प्रौढ माणसे सहसा चित्रित केलेली नाहीत. पडद्यावर शिक्षिकेला आवाज देणे भाग पडले, तेव्हा शब्दांऐवजी ट्रॉम्बोन या वाद्याचा ध्वनी योजण्यात आला. मौनाचे ध्वनीत रूपांतर कसे करावे, याचा हा नमुना आहे. २००४ ते २०१६ या काळात या मालिकेचे तारीखवार संपूर्ण खंड प्रसिद्ध झाले. त्यामुळे कोणतीही पट्टी तारखेवरून काढता येते.

आशियातील उदाहरण जपानच्या 'साझाए-सान'चे. माचिको हासेगावा यांनी १९४६ मध्ये एका प्रादेशिक दैनिकात ही कुटुंबकथा सुरू केली. पुढे ती 'असाही शिंबुन' या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ मध्ये थांबली. तिच्यावरील ॲनिमेशन मालिका ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली व मूळ पट्टी थांबल्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. परिणामी ही मालिका पाहत वाढलेल्या कित्येक पिढ्यांनी मूळ वृत्तपत्र पाहिलेलेच नाही.

४. मराठी वाचकाची दोन उदाहरणे

अ) वेताळ : ली फॉक यांचा 'फँटम' हा १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन दैनिकांत सुरू झाला. त्यापूर्वी १९३४ मध्ये त्यांचाच 'जादूगार मँड्रेक' आला होता. 'टाइम्स ऑफ इंडिया' समूहाने मार्च १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले आणि इंग्रजीप्रमाणे मराठीसह इतर भारतीय भाषांतही या कथा आणल्या. मराठी वाचकासाठी फँटम हा 'वेताळ' झाला. हे प्रकाशन १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा भारतीय नायकही त्यात आला.

येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की इंद्रजालचा अंक ही मूळ वृत्तपत्रीय पट्टी नव्हे. रोजच्या पट्ट्या एकत्र करून, अंकाच्या पानांत बसतील अशा रीतीने चौकटी कापून वा वगळून हे अंक तयार होत. काही नावेही बदलली गेली. वेताळाच्या कल्पित देशाचे मूळ नाव बंगालशी मिळतेजुळते होते. भारतीय आवृत्तीत त्याचे 'डेंकाली' झाले. त्याचे शत्रू असलेल्या सिंग टोळीचे नाव 'सिंगा' करण्यात आले. म्हणून इंद्रजालमधील नावे घेऊन मूळ मालिका शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येते. पुढे १९८६ मध्ये 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या ६५ भागांच्या ॲनिमेशन मालिकेत वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन ही तीन स्वतंत्र मालिकांतील पात्रे एकत्र आणली गेली. १९९४ मध्ये 'फँटम २०४०' ही भविष्यकाळात घडणारी ॲनिमेशन मालिका आली. नायकाचे नाव कायम राहिले. काळ, स्थळ व कथानक मात्र पूर्णतः नवे होते.

ब) चिंटू : चित्रकार चारुहास पंडित व लेखक प्रभाकर वाडेकर यांची 'चिंटू' ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून दैनिक 'सकाळ'मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू ही मुले, आई-पप्पा, जोशीकाकू, सतीशदादा या पात्रांनी मराठी मध्यमवर्गीय वाडा-सोसायटीचे जग उभे केले. परीक्षा, क्रिकेट, पाहुणे, सुट्टी असे साधे विषय आणि चार चौकटींत संपणारा विनोद हे तिचे बळ. या पट्ट्यांचे अनेक संग्रह पुस्तकरूपाने निघाले. श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली २०१२ मध्ये 'चिंटू' आणि २०१३ मध्ये 'चिंटू २' हे चित्रपट प्रदर्शित झाले.

हे चित्रपट बालकलाकारांनी भूमिका केलेले आहेत. त्यामुळे 'चिंटूचे कार्टून' म्हणून शोध घेणाऱ्याने आपणांस पट्टी हवी, पुस्तक हवे की चित्रपट हवा, हे आधी ठरविले पाहिजे. पट्टीत वाचक आपल्या गतीने थांबतो. चिंटूच्या चेहऱ्यावरील अखेरच्या चौकटीतील भाव हवा तेवढा वेळ पाहतो. दोन तासांच्या चित्रपटाला मात्र सलग कथानक, खलपात्र आणि संकट लागते. चार चौकटींचा विनोद तेथे प्रसंग म्हणून उरतो, रचना म्हणून नव्हे.

येथे आणखी एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. चिंटूचे घर पुणेरी आहे. बारामती वा इंदापूरच्या मुलाने ते वाचले तेव्हा तो आपल्यापेक्षा वेगळ्या घराची भाषा वाचत होता. ऊसतोडीचा हंगाम, आठवडे बाजार, एस.टी.ची वाट पाहणे हे त्याच्या रोजच्या जगण्यातील विषय त्या जगाच्या केंद्रस्थानी नव्हते. ग्रामीण वाचकाने शहरी चित्रमालिका कशी स्वीकारली, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. परंतु मूळ पट्ट्या तारखेनिशी उपलब्ध असल्याविना तो अभ्यास होऊ शकत नाही.

आजच्या मुलांच्या बाबतीत तर क्रम पूर्ण उलटला आहे. 'मोटू-पतलू' ही जोडी 'लोटपोट' या हिंदी बालनियतकालिकातील चित्रकथांतून आली, हे २०१२ पासून दूरचित्रवाणीवर तिचे ॲनिमेशन पाहणाऱ्या फारच थोड्या मुलांना ठाऊक असते.

५. शोधातील अडचणी

पहिली अडचण कागदाची. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यातील लिग्निन या घटकामुळे हवा व प्रकाश यांच्या संपर्कात तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो.

दुसरी अडचण सूचीची. ग्रंथालयात वृत्तपत्राची नोंद नाव व तारीख यांवर होते. 'पप्पूची सायकल हरवते ती पट्टी' अशी नोंद कोठेही नसते. वाचकाला मात्र प्रसंग आठवतो, तारीख आठवत नाही.

तिसरी अडचण संगणकीय शोधाची. जुन्या पानांची छायाप्रत संगणकावर असली तरी फुग्यांतील हस्ताक्षरी मराठी मजकूर हा यंत्राच्या दृष्टीने चित्राचाच भाग असतो. तो टंकलिखित केल्याशिवाय शब्दावरून भरवशाने शोधता येत नाही.

चौथी अडचण आवृत्तीची. एकाच दैनिकाच्या वेगवेगळ्या शहरांच्या आवृत्त्या असतात. इंदापूर तालुका पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवर आहे. कात्रण कोणत्या आवृत्तीतील आहे हे नोंदविले नसेल, तर पान पडताळता येत नाही. याशिवाय फँटमसारख्या मालिकांत रोजची पट्टी व रविवारची रंगीत पट्टी यांची कथानके स्वतंत्र चालत. ही बाब माहीत नसल्यास कथा तुटक वाटते.

या अडचणींवर एका व्यक्तीच्या आस्थेने मात करता येते, याचे उदाहरण अमेरिकेतील बिल ब्लॅकबिअर्ड यांचे आहे. तेथील ग्रंथालये मायक्रोफिल्म तयार करून वृत्तपत्रांच्या मूळ फाइली टाकून देऊ लागली. मायक्रोफिल्म कृष्णधवल असल्याने रविवारच्या पुरवण्यांचे रंग कायमचे जाणार होते. ब्लॅकबिअर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या फाइली मिळवून स्वतःच्या घरात साठविल्या व त्यांतील पट्ट्या मालिकावार लावल्या. पुढे हा सुमारे ७५ टनांचा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला, तेव्हा तो वाहून नेण्यास सहा मोठे ट्रक लागले. जुन्या अमेरिकन मालिकांच्या अनेक पुनर्मुद्रणांना या 'रद्दी'चा आधार मिळाला.

६. शोधाची पद्धत

१) नावे निश्चित करावीत. मूळ नाव, मराठीतील नाव, लेखक व चित्रकार यांची एकत्र नोंद करावी. वेताळ-फँटम-ली फॉक अशी साखळी तयार झाली की शोध सोपा होतो.

२) कालपट मांडावा. पट्टी, पुस्तक, ॲनिमेशन, चित्रपट यांची वर्षे एका तक्त्यात लिहावीत. कोणते रूप कोणत्या रूपावर आधारित आहे, हे त्यावरून ठरते.

३) आठवणीतून तारीख काढावी. पट्टीत दिवाळी, परीक्षा वा क्रिकेट स्पर्धेचा उल्लेख असल्यास महिना व वर्ष यांचा अंदाज येतो. कात्रणाच्या मागील बाजूची बातमी वा जाहिरात हा तर उत्तम पुरावा असतो. म्हणून कात्रण वहीत पूर्ण चिकटवू नये.

४) योग्य संग्रहाकडे जावे. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा १९५६ पासून वृत्तपत्रांनाही लागू आहे. त्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय इत्यादी ठरावीक ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक आहे. चित्रपटांसाठी पुण्यातच १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. 'लिटल नेमो' किंवा १९३६ चा पॉपाय-सिंदबाद लघुपट यांसारख्या जुन्या परदेशी कृती 'इंटरनेट आर्काइव्ह' या संकेतस्थळावर पाहता येतात.

५) हक्कांचे भान ठेवावे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखक व चित्रकार यांच्या कृतीवरील हक्क त्यांच्या हयातीनंतर ६० वर्षे, तर चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. मालिका व तिचे रूपांतर यांचे हक्क वेगवेगळे असतात. खासगी अभ्यास व संशोधन यांसाठी वापर करण्यास कायद्यात वाव आहे. संग्रह सर्रास प्रसारित करण्यास नाही.

७. बारामती-इंदापूर परिसरात काय करता येईल

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९६७ मुळे तालुका व गाव पातळीपर्यंत अनुदानित ग्रंथालयांचे जाळे निर्माण झाले. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारखी १९६२ पासूनची महाविद्यालयीन परंपरा आहे. इंदापूरलाही महाविद्यालयीन शिक्षणाची सोय आहे. या संस्थांना मोठा निधी न लागता पुढील गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे कात्रणवह्यांची नोंद. १९९० च्या दशकात शाळकरी असलेल्या अनेकांनी चिंटूची कात्रणे वहीत चिकटविली होती. ही पिढी आज चाळिशीत आहे आणि त्या वह्या माळ्यावर वा जुन्या पेटीत असण्याचा संभव आहे. मालकी त्यांच्याकडेच ठेवून ग्रंथालयाने केवळ वहीतील पट्ट्यांची नोंद व छायाचित्र घ्यावे. नोंदीत दैनिक, तारीख, आवृत्ती, पात्रे, प्रसंग आणि पहिल्या फुग्यातील वाक्य एवढे सहा रकाने पुरेत. पहिले वाक्य टंकलिखित झाले की संगणकीय शोध शक्य होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रद्दीपूर्व तपासणी. ग्रंथालयातील जुनी वृत्तपत्रे विकण्यापूर्वी चित्रमालिकेचे पान वेगळे काढून सपाट व अंधाऱ्या जागी ठेवावे. चिकटपट्टी वापरू नये; तिचा गोंद कागद खातो. छायाचित्र घेताना पानाच्या शिरोभागाची तारीख दिसेल याची दक्षता घ्यावी.

तिसरी गोष्ट अध्यापनाची. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना एकच प्रसंग पट्टीत व पडद्यावर कसा मांडला गेला, याची तुलना करण्याचा प्रकल्प देता येईल. माध्यमांतर ही संकल्पना व्याख्येपेक्षा अशा तुलनेतून अधिक स्पष्ट होते.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की ॲनिमेशनपट वा चित्रपट हे मूळ चित्रमालिकेचे शत्रू नव्हेत. किंबहुना त्यांच्यामुळेच अनेक पात्रे पुढील पिढीपर्यंत पोहोचली. मात्र पडद्यावरील रूप टिकविण्यासाठी निर्माते, वाहिन्या व संग्रहालये असतात. रोजच्या पट्टीचा वाली कोणी नसतो. पॉपायची कोंबडी विस्मरणात गेली तरी मूळ पट्ट्या जपल्या गेल्यामुळे ती पुन्हा सापडली. चिंटूच्या हजारो पट्ट्यांपैकी ज्या पुस्तकांत आल्या नसतील, त्यांच्याबाबत असे म्हणता येण्यासाठी त्या कोठेतरी तारखेनिशी असल्या पाहिजेत. ते ठिकाण मुंबई वा कोलकात्याचे मोठे ग्रंथालय असू शकते, तसेच इंदापूरच्या एखाद्या घरातील दोनशे पानी वहीही असू शकते. त्या वहीची नोंद घेण्याचे काम तालुक्याच्या ग्रंथालयाखेरीज दुसरे कोणी करणार नाही, आणि कागदाचे आयुष्य पाहता त्यासाठी फार वेळही हाती नाही.